धवल्यांची हार्ड डिस्क

भाईंदरच्या जेसल पार्कात आमच्या दुकानाचा बोर्ड लागला तेव्हा नातेवाइकांना वाटलं, पोरीने मोबाइल रिपेअरिंग काढलंय. एक मामा तर पहिल्याच आठवड्यात फुटक्या काचेचा फोन घेऊन आले. आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "दादा, इथे काच नाही बदलत. बंद पडलेल्या डिस्कमध्ये जे अडकलंय ते इथे बाहेर काढतात." मामांनी मान डोलावली, चहा संपवला आणि फोन काउंटरवर ठेवूनच गेले.

त्याआधी बरीच वर्षं मी अंधेरीच्या एका कंपनीत हेच काम करत होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, हात स्थिर आणि चिकाटी भरपूर, एवढ्या भांडवलावर मला तिथे घेतलं होतं. उघडलेल्या डिस्कवर काम करणारी बाई तिथे मी एकटीच. आई रिटायर झाली आणि मी स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. मागच्या खोलीत एक काचेचं टेबल बसवलं, त्यावर वरून सतत गाळलेली हवा खाली येते. ते टेबल हीच माझी खरी मिळकत. पुढच्या खोलीत काउंटर आणि काउंटरवर बुद्धाची एक छोटी मूर्ती. आणि काउंटरमागे आई.

आईबद्दल आधी सांगायला हवं. ती नांदेडकडून नर्सिंग शिकायला मुंबईत आली आणि मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून सगळी नोकरी काढली. दुकानात ती सुरुवातीला फक्त माझ्या सोबतीला बसायची. एके दिवशी मी फोनवर कुणाशी तरी बोलताना ती ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुम्ही लोक बिघडलेल्या डिस्कला पेशंट म्हणता?"

"हो. आणि जिचे भाग काढून लावतो तिला डोनर."

आई एकदम ताठ बसली. त्या दिवसापासून तिने माझी मागची खोली ताब्यात घेतली. हातमोजे कसे चढवायचे, कोणती वस्तू कोणत्या बाजूला ठेवायची, एकदा स्वच्छ केलेल्या जागेवरून हात फिरवायचा नाही, पदर किंवा ओढणी घेऊन आत यायचं नाही. मला हे सगळं येत होतं असं मी समजत होते. आईने शिकवल्यावर कळलं की येत होतं म्हणजे नुसतं माहीत होतं. आमच्या रस्त्यावर बारा महिने काही ना काही खोदकाम चालू असतं, समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट सुरू आहे, धूळ दाराच्या फटीतून आत येते. पण माझ्या त्या टेबलावर धूळ नसते, आणि याचं श्रेय मी कुणाहीपुढे आईलाच देते.

आणखी एक गोष्ट तिने स्वतःहून घेतली. येणाऱ्या माणसाला समजावून सांगायची. लोक घाबरलेले असतात. लग्नाचे फोटो गेलेले असतात, ऑफिसचा हिशेब गेलेला असतो, कुणाचा पीएचडीचा प्रबंध. मी त्यांना तांत्रिक काहीतरी सांगायचे आणि ते अजून घाबरायचे. आई मला आधी सगळं विचारून घ्यायची, मग आपल्या पद्धतीने सांगायची. समोरचा गुजराती असो, युपीचा असो, मराठी असो, तिची गाडी दोन वाक्यांनंतर हिंदीवर जायची. "देखो भाई, पुराने जमाने में रेकॉर्ड प्लेअर की सुई देखी है ना? इसमें भी वैसाच हाथ है. लेकिन वो सुई टेकती थी, ये टेकती नहीं. टेक गई तो समझो जखम हो गई. इसलिए घर जाके वापस चालू करके मत देखना."

यात एकही शब्द चुकीचा नाही. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, आणि त्या थरातला प्रत्येक सूक्ष्म ठिपका एका दिशेने किंवा तिच्या उलट दिशेने चुंबकित केलेला असतो. फोटो असो, गाणं असो, जमिनीचा सातबारा असो, सगळं या दोन दिशांच्या ओळीत लिहिलेलं. तबकडी गरगर फिरते आणि तिच्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवर वाचणारं हेड अक्षरशः तरंगतं. मधली फट इतकी कमी असते की धुळीचा कण त्या हेडच्या वाटेत दगडासारखा येतो.

हे सगळं आईला तोंडपाठ होतं, म्हणून जवळच्या मोरवा गावची एक बाई आली तेव्हा पहिले प्रश्न आईनेच विचारले.

ती सकाळीच आली. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेली एक छोटी पोर्टेबल हार्ड डिस्क. तान्हं मूल ठेवावं तशी तिने ती काउंटरवर ठेवली.

"ताई, यो चालूच व्हत न्हाय. नुसता टक टक करतंय."

"कधी पडली?" आईने विचारलं.

"पडली ते तुमाला कसा कललं?"

"टक टक करतेय म्हणालीस ना, म्हणून. पडली तेव्हा चालू होती की बंद?"

"चालू व्हती. हलदीचे घरात टीव्हीला लावलेली. कुनाचा तरी पाय वायरीत आरकला."

मग तिने सांगितलं ते असं. तिची सासू मोरव्याची धवलारीण. आगरी लग्नात जी विधीची गाणी म्हणतात त्यांना धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. हळद लागण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि धवलारीण बसल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. मोरव्यातच नाही, आसपासच्या गावांतही तिच्या सासूला मानाने बोलावणं यायचं. गाणी कुठे लिहिलेली नव्हती. सासूला लिहिता येत नव्हतं आणि तिच्या सासूलाही येत नव्हतं. या बाईच्या मुलीने, कॉलेजात शिकणाऱ्या, आजीला बसवून फोनवर एकेक धवला रेकॉर्ड केला होता. तीनेक लग्नसराया ते काम चाललं. फोन भरला की सगळं डिस्कवर टाकायचं आणि फोनमधून काढून टाकायचं. मुलगी आता नोकरीसाठी बंगळुरूला. आणि सासूला गेल्या वर्षी छातीचा आजार झाला, त्यातून ती वाचली, पण श्वास पुरत नाही. बोलते, गात नाही.

"दुसरी कॉपी?" मी मागच्या खोलीतून बाहेर येत विचारलं.

"न्हाय."

"फोन तोच आहे अजून मुलीकडे?"

फोन तोच होता, म्हणून ती आशेने माझ्याकडे बघायला लागली. मला लगेच सांगावं लागलं की तिथून काही मिळणार नाही. फोनमध्ये फिरणारं काही नसतं. तिथे चिपमध्ये असंख्य सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत विजेचे कण कोंडून ठेवलेले असतात. कोणता कप्पा भरलेला, कोणता रिकामा, यावरून फोन वाचतो. एखादी फाइल काढून टाकली की फोन फावल्या वेळात ते कप्पे स्वतःच मोकळे करतो, नवं लिहायला जागा हवी म्हणून. आणि उरलंसुरलं असतं तेही कुलपात, त्याची किल्ली फोनने कधीच टाकून दिलेली. पडलेल्या हार्ड डिस्कपेक्षा पुसलेला फोन वाईट, हे लोकांना पटत नाही. तिलाही पटलं नाही. पण तिने वाद घातला नाही.

"मंग ह्यातून येल?" तिने डिस्कवर हात ठेवला.

"उघडल्याशिवाय नाही सांगता येणार. तोपर्यंत घरात जे काही असेल ते सगळं घेऊन या. कॅसेट, सीडी, पेन ड्राइव्ह, काहीही. कुठे तरी एखादा धवला निघाला तर तेवढाच."

दुसऱ्या दिवशी ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आईने तो काउंटरवर उपडा केला आणि दोघी भाजी निवडायला बसाव्यात तशा बसल्या. सीड्या बऱ्याच होत्या, घरच्या लग्नांच्या. आईने एक उजेडात धरली. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा एक थर असतो, लेझरने त्यात बारीक डाग पाडलेले असतात, आणि वाचताना दुसरा मंद लेझर त्या डागांवरून फिरतो. मोरव्याला एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, हवेत सतत ओल. थर कडेपासून सुटत आला होता. जी चालली तिच्यात बँडबाजा होता, धवला नव्हता. पेन ड्राइव्ह एक होता, त्यात मुलीचे शाळेचे फोटो निघाले. ते बघून बाई जरा हसली.

तळाशी एक ऑडिओ कॅसेट होती. आईने ती हातात घेतली आणि म्हणाली, "ही तर या डिस्कची थोरली बहीण." तेही खरंच. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय पूड चिकटवलेली असते, गंजाच्याच जातीची, आणि तिच्यावर आवाज लिहिलेला असतो. फरक एवढाच की फितीवर पुढचं ऐकायचं तर मधलं सगळं ओलांडून जावं लागतं, आणि तबकडीवर हात उचलून हवं तिथे नेता येतो. फितीवर बुरशी धरली होती. मी ती हलक्या हाताने साफ केली, नव्या डबीत भरली आणि लावली. एका बाईचा भरदार, मोकळा आवाज खोलीत आला. पाठीमागे भांड्यांचा आवाज, पोरांचा गलका.

"माजे लग्नाची हाय," बाई हळूच म्हणाली. "आयचा आवाज हाय." सासूला ती आय म्हणत होती.

कॅसेटवर दोनच धवले पूर्ण होते. बाकी सगळं त्या डिस्कमध्ये.

मी ती काचेच्या टेबलावर उघडली तेव्हा आई माझ्या डाव्या हाताला उभी होती, तोंडाला मास्क, हात पाठीमागे बांधलेले, थिएटरात उभी राहायची तशी. झाकण निघालं. हेड वाकलेलं होतं. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एक बारीक रेघ, केसाएवढी. मी दिवा तिरका केला आणि पुन्हा बघितलं. रेघ तेवढीच होती, बाकी तबकडी स्वच्छ.

"जखम आहे," आई म्हणाली, "पण पोटाला नाही."

हेड बदलायचं म्हणजे अगदी तशीच दुसरी डिस्क लागते. नुसता तोच ब्रँड चालत नाही. मॉडेल तेच, आतली रचना तीच, शक्यतो त्याच सुमारास बनलेली. मी माझ्या ओळखीच्या डीलरकडून एक मागवली. तिचं हेड काढताना त्याची टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, मधे एक बारीक कंगव्यासारखं साधन सरकवावं लागतं. ते काढलं, पेशंटला लावलं, झाकण बसवलं, वीज दिली. तबकडी फिरली. एक क्षण काही नाही, आणि मग पुन्हा टक, टक, टक.

मी लगेच बंद केली. डोनर आतून वेगळा निघाला होता, वरचं लेबल सारखं असूनही. समोरची डिस्क अशा प्रत्येक प्रयत्नाला थोडी थोडी झिजते आणि ती झीज भरून येत नाही. मी आईला म्हणाले, "मी त्यांना सांगते, नाही होणार."

आईने मास्क काढला. "का नाही होणार? डोनर जुळला नाही म्हणून पेशंटला घरी पाठवतात?"

"तसाच डोनर कुठून आणू? हे मॉडेल बनायचं बंद झालंय."

"बाईने ती कुठून घेतली होती?"

ती भाईंदर स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतली होती. आईने मला आणखी काही विचारलं नाही. तिने पेशंट डिस्कच्या लेबलचा फोटो फोनमध्ये काढला आणि निघाली. तिचा हिशोब साधा होता. त्या सुमारास त्या दुकानातून ज्यांनी डिस्क घेतली असेल ते सगळे इथेच आसपास राहतात. पुढचे काही दिवस तिने जेसल पार्क पालथं घातलं. ट्यूशन क्लासवाले, झेरॉक्सवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, जवळच्या इंद्रलोकमधली तिची सकाळच्या फिरण्याची मंडळी. सगळ्यांना फोटो दाखवायचा आणि विचारायचं, "आपके घर में ऐसी डिस्क है क्या? चालू है तो और अच्छा."

ती सापडली आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, टॅक्सचं काम करणाऱ्या एका गुजराती काकांकडे. चालू होती आणि त्यांच्या रोजच्या वापरातली होती. आईने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी तेव्हा मागे होते. पण काका स्वतः खाली आले, डिस्क माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बेन, मारो डेटा नवी डिस्क में डाल दो, बाकी इसका जो करना है करो. तुमारी मम्मी बोली, किसी की सास का आवाज है."

मी आधी त्यांचा डेटा नव्या डिस्कवर उतरवला, दोनदा तपासला, त्यांच्याकडून उघडून बघून घेतला. मगच त्यांच्या जुन्या डिस्कला हात लावला. आतलं सगळं तंतोतंत जुळत होतं.

रविवार निवडला, कारण रविवारी समोरचं बांधकाम बंद असतं आणि जमीन हादरत नाही. हेड लावलं. वीज दिली. तबकडी फिरायला लागली आणि पाठोपाठ आवाज आला तो एक बारीक, मऊ, सलग आवाज, निरोगी डिस्कचा. आईला आता तो ओळखता येतो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, हातमोजा काढून.

पण अशा डिस्कमधून फाइली सरळ उघडून घ्यायच्या नसतात. पहिल्यांदा सगळी तबकडी, ठिपक्यामागून ठिपका, जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. जिथे अडेल तिथे हट्ट करायचा नाही, ती जागा सोडून पुढे जायचं, सोपं आहे ते आधी सुरक्षित करायचं. अवघड जागेकडे शेवटी यायचं. मी ही नक्कल उतरवणाऱ्या मशीनपाशी बसून राहिले. पडद्यावर वाचून झालेल्या भागाच्या हिरव्या पट्ट्या वाढत होत्या. कडेच्या रेघेपाशी आल्यावर लाल ठिपके दिसायला लागले आणि मी ते ओलांडून गेले. कित्येक दिवस ते चाललं. लाल जागेकडे मी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी, हळू वेगाने गेले. काही ठिपके हिरवे झाले. काही झालेच नाहीत, कारण तिथे थरच उरला नव्हता. जे खरवडून गेलं ते कुणालाच परत आणता येत नाही.

शेवटी मी फाइली उघडल्या. धवले जवळजवळ सगळे आले होते. दोन-तीन मात्र मधेच तुटत होते. गाणं चालू असताना एकदम शांतता, मग पुढची ओळ.

बाईला फोन केला तर ती म्हणाली, "आयला घेऊनच येतो."

रिक्षातून उतरताना म्हातारीला सुनेने आणि आईने दोन बाजूंनी धरलं. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत गोंदण, चालताना दर दोन पावलांवर थांबत होती. आईने तिला स्वतःची खुर्ची दिली, पाठीला उशी लावली, पाणी दिलं, नाडी बघितली की नाही ते माहीत नाही, पण हात मनगटावर होता. मी स्पीकर लावले.

पहिला धवला सुरू झाला आणि म्हातारीने सुनेकडे बघितलं.

"यो मीच काय?"

"तूच आय."

"बरा गाते गो मी," ती म्हणाली. आम्ही सगळ्याच हसलो. ती हसली नाही. ती तोलून बघत होती, दुसऱ्या कुणा धवलारणीचं ऐकावं तसं. एका जागी नाक मुरडून म्हणाली, "हितं घाई केलंय."

मग तुटका धवला आला. मी आधी सांगितलं होतं की मधे थोडं गेलंय. आवाज चालू होता आणि थांबला. त्या शांततेत, कुणी काही बोलायच्या आत, सून गायला लागली. स्पीकरकडेच बघत होती ती, आपण गातोय हे तिला कळलं असेल असं मला वाटत नाही. ओळ तिने पूर्ण म्हटली, पुढची म्हटली, आणि सासूचा आवाज स्पीकरमधून परत आला तेव्हा तो तिच्या सुरावरच आला. मग तिला कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

म्हातारी खुर्चीत पुढे झाली.

"तुला कवापासना येतंय?"

"येत न्हाय आय. ऐकून हाय. तू म्हनायचीस तवा मी मागं भांडी घासायची, तांदूल निवडायची…"

"कदी बोलली न्हाय."

"तू असताना मी कशाला गाऊ?"

म्हातारीला दम लागला होता, बोलायला वेळ लागला. मग ती माझ्याकडे न बघता माझ्या आईकडे बघून म्हणाली, "बाय, तुझे पोरीला सांग, हिचा पन भरून घे."

मी तिथल्या तिथे माइक लावला. सगळं आवरून, पंखा बंद करून, आईने दारावरचा बोर्ड उलटा केला. सून आधी लाजली. पहिला प्रयत्न अर्ध्यात सोडला. सासू बोटाने मांडीवर ठेका देत होती आणि जिथे सूर खाली जाईल तिथे तिचं बोट वर जायचं. दुपारपर्यंत जे तुटलं होतं ते सगळं सुनेच्या आवाजात भरलं गेलं. आणि त्यानंतर सासूने तिला आणखी एक म्हणायला लावला, जो नातीने कधी रेकॉर्डच केला नव्हता, कारण तो कुठल्या तरी जुन्या रीतीचा होता आणि म्हातारीला तेव्हा आठवला नव्हता. ओठ हलवून, न गाता, ती एकेक शब्द सांगत गेली आणि सून म्हणत गेली.

सुनेच्या ओळी सासूच्या गाण्यात मिसळून एकच गाणं करून देता आलं असतं. मी तसं केलं नाही. सासूचं जसं आलं तसं, तुटलेल्या जागेसह, वेगळं ठेवलं. सुनेचं वेगळं ठेवलं, आणि कुठे काय जोडायचं ते नावातच लिहिलं. पुढे कुणी शिकणारी मुलगी ऐकेल तेव्हा तिला कळायला हवं की हा आवाज कुणाचा आणि तो कुणाचा. या गोष्टीचा मला माझ्या हातांच्या कामाइतकाच अभिमान आहे.

कॉपी किती आणि कुठे ठेवायच्या ते आईने समजावलं, दोघींना समोर बसवून. एक हार्ड डिस्क मोरव्याच्या घरात, ओल नसलेल्या कपाटात. दुसरी, वेगळ्या कंपनीची, नातीकडे बंगळुरूला, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही पडणार नाहीत. पेन ड्राइव्ह रोज ऐकायला, पण तो कायमचा ठेवा म्हणून नाही, कारण वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातल्या फोनसारख्याच कप्प्यांतली वीज हळूहळू झिरपून जाते. आणि एक इंटरनेटवर. म्हातारीला ते शेवटचं कळेना. आई म्हणाली, "लांब कुठे तरी मोठ्या थंड खोल्या आहेत, त्यात अशाच खूप डिस्क आहेत. त्यांच्याकडे ठेवायला दिलं, एवढंच."

"मंग ते लोक माजा गाना ऐकतील काय?"

"नाही मावशी. नातीने परवानगी दिली तरच."

नंतरच्या लग्नसराईत मोरव्याहून आम्हाला आमंत्रण आलं. घरचंच लग्न होतं, सुनेच्या दिराच्या मुलाचं. आम्ही पोचलो तेव्हा हळदीची तयारी चालली होती. सून धवलारणीच्या जागेवर बसली होती, नवी साडी, घाम पुसत. बाजूला सासू, उशीला टेकून. म्हातारीने खूण केली आणि सून गायला लागली. पहिल्या दोन ओळी आवाज थरथरला. नंतर नाही.

बायकांची एक रांग तिच्यामागून ओळ उचलत होती. त्यातल्या एका तरुण मुलीने फोन पुढे धरला होता, रेकॉर्ड करायला. आई लगेच माझ्या कानाशी आली, "तिला सांग, घरी जाऊन कॉपी काढायला."

म्हातारीने माझ्या आईला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. मग माझ्याकडे बोट केलं आणि जमलेल्या बायकांना, धाप लागत होती तरी, मोठ्याने सांगितलं, "हिनं माजा आवाज परत आनला." आईने आपली मान ताठ केली आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, राउंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांसमोर ती उभी राहायची तशी, आणि मी तिला बघत तिथेच, हळदीच्या पाटाजवळ, बराच वेळ उभी राहिले.